एंटर मारला की ठीक

नकाशात खांब म्हणजे एक छोटा काळा चौकोन. पण इमारतींची मजबुती तपासणाऱ्या आमच्या ऑफिसात तो मुका नव्हता. त्याच्यावर क्लिक केलं की पोटातलं सगळं सांगायचा: नंबर, माप आणि शेवटी ‘अवस्था’. याला ॲट्रिब्यूट म्हणतात. चिन्ह एकच, पण प्रत्येकाच्या पोटात आपापली माहिती. नकाशात खांब ठेवताना कॉम्प्युटर एकेक विचारतो, आपण भरत जायचं. वेळ वाचावा म्हणून आमच्या साहेबांनी ‘अवस्था’च्या रकान्यात आधीच ‘ठीक’ लिहून ठेवलं होतं. खांब खराब असेल तरच ते बदलायचं, नाहीतर नुसतं एंटर मारून पुढे जायचं. भिवंडीत कुणाला वेळ आहे? मलाही ती सोय आवडायची.

कामतघरच्या एका इमारतीची फाइल माझ्याकडे आली तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. नकाशा माझ्या आधीच्या ऑपरेटरने काढलेला, तो नोकरी सोडून गेला होता. इमारत मजबूत असल्याचा दाखलाही मालकाला देऊन झाला होता. माझं काम एवढंच, की सगळ्या खांबांच्या पोटातली माहिती बाहेर काढून तिचा तक्ता फाइलला जोडायचा. एक कमांड दिली आणि चहा संपायच्या आत तक्ता समोर आला. वरपासून खालपर्यंत ठीक, ठीक, ठीक.

ती इमारत मला तोंडपाठ होती. खाली कापडाचे लूम, वर कामगारांच्या खोल्या आणि मागच्या खोलीत माझी धाकटी बहीण, त्याच लूमवर कामाला असलेला तिचा नवरा, मुलगी. तिच्या ओट्याशेजारी एक खांब आहे. त्याचं प्लास्टर कधीच गळून पडलंय. आतल्या सळया गंजून फुगल्यात, बोट लावलं तर पापुद्रे हातात येतात. पाहुण्यांना दिसू नये म्हणून बहिणीने पुढे पिठाचा डबा उभा केलाय. मी तक्त्यात तो खांब शोधला. तोही ठीक.

माझं डोकंच फिरलं. साइटवर गेलेला इंजिनिअर समोरच डबा खात बसला होता. दोन पोरांचा बाप, कामाला चोख माणूस. त्याला विचारलं, मागच्या बाजूचे खांब पाहिले होतेस का?

“नाही ना,” तो म्हणाला. “खाली लूम चालू होते. मालक बोलला, बंद करणार नाही. वर गेलो तर खोल्यांना कुलपं. म्हणून ते रकाने मी कोरे सोडले. कोरं म्हणजे परत जायचंय, हे काय सांगायला पाहिजे?”

सांगायला पाहिजे होतं. ऑपरेटरला कागदावर कोरा रकाना दिसला, त्याने काही लिहिलं नाही, एंटर मारला. खोटं कुणी बोललंच नव्हतं. पाहून चांगला ठरलेला खांब आणि कुणी पाहिलाच नाही तो खांब, दोघांच्या पोटात एकच शब्द. आणि हे एकाच नकाशात झालं असेल कशावरून? टेमघरची गोदामं, अंबाडी नाक्यावरची दुकानं, सगळी याच कॉम्प्युटरमधून गेलेली.

साहेबांना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“दिवाळीत लूम बंद असतात,” ते म्हणाले, “तेव्हा परत तपासू.”

“आणि तोवर?”

“तोवर बोभाटा करू नकोस. दाखल्यावर सही माझी आहे.”

म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची. मी जागेवर आले आणि कुणाला न विचारता कॉम्प्युटरमधला तो आयता ‘ठीक’ पुसून तिथे ‘पाहिला नाही’ लिहिलं. मग अर्धी रजा टाकली आणि कामतघरची रिक्षा धरली.

बहीण भाकऱ्या थापत होती. खालच्या लूमने पायाखालची लादी थरथरत होती, तांब्यातलं पाणीसुद्धा. तिला त्याचं काहीच नव्हतं. मी सगळं सांगितलं.

“तुमच्याच ऑफिसचा कागद खाली लावलाय, ताय,” ती म्हणाली. “मजबूत हाय लिवलंय त्याच्यात.”

“अगं, कुणी बघितलंच नाही. उठ, माझ्या घरी चला सगळे.”

“खोली नोकरीबरोबर हाय. खोली सोडली का नोकरी गेली. ह्यांना या वयात दुसरीकडं कोन ठेवंल?”

“मग मी तक्रार करते.”

“कर. पयलं आमालाच रस्त्यावर काढतील.” मग ती हसली. “इतकी वर्सं उभी हाय ना? तुझ्या कॉम्प्युटरला इचारून न्हाय उभी ऱ्हायली.”

मला रडू येत होतं आणि तोंडातून निघाल्या शिव्या. तुझ्या अकलेचे दिवे पाजळ, मर इथेच, असलं काहीतरी अभद्र बोलले मी. तिने भाकरी उलटली. मी चहा न घेता निघाले.

रविवारी सकाळी भाची दारात उभी. बापाने कोपऱ्यावर सोडली होती. “मावशी, आई बोलली तुझ्याकडे राहा थोडे दिवस. इथे अभ्यास चांगला होतो.”

बॅग मला एका हाताने उचलवेना. थोड्या दिवसांसाठी एवढं काय भरलंय, म्हणून उघडली. शाळेचे दोन्ही गणवेश, थंडीचा स्वेटर, पुढच्या वर्षी होईल असा मोठ्या मापाचा ड्रेस. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत पोरीचा जन्मदाखला, आधार कार्ड आणि बहिणीच्या लग्नातल्या सोन्याच्या कुड्या.

मी फोन लावला. मागे लूमचा खडखडाट चालू होता.

“पोचली का?” तिने विचारलं.

“पोचली.”

“बरं झालं. ठेवते मग. तवा तापलाय.”