ढाक्याला गेलेला देवेंद्रकुमार

देवेंद्रकुमारचा उजवा हात मनगटापासून वाकडा होता. कारंज्यात ज्यांना ठाऊक नव्हतं ते म्हणत, लहानपणी झाडावरून पडला असेल. तसं नव्हतं. तो हात ढाक्यात मोडला, सोळा डिसेंबर एकोणीसशे बहात्तरला, भर दुपारी, ढोल वाजत असताना.

आम्ही दोघं शाळेत एका बाकावरचे. त्याचे वडील हीरालालजी यांचं गावच्या पोहा वेशीच्या आत कापडाचं दुकान. देवेंद्रला दुकानात बसवलं की तो लुगड्यांच्या पुठ्ठ्यांवर मंदिरातल्या लाकडी खांबांची चित्रं काढत बसायचा. वेल कुठे वळली, मोराची मान किती बोटं लांब, सगळं मापात. पुढं त्यानं नागपूरला इमारतींचं शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा हीरालालजी तयार नव्हते. त्याची आई राजमतीबाई मात्र म्हणाली, "शिकू द्या त्याले. दुकान कुठं पळून चाललं?" तेवढ्यावर तो गेला.

चौथ्या वर्षाला त्यांच्या सरांनी नऊ मुलांना घेऊन ढाक्याची सहल काढली. बांगलादेश होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जिथं काल-परवापर्यंत तोफा चालल्या तिथं पाहायला काय आहे, असं हीरालालजींनी विचारलं. देवेंद्रनं सांगितलं की तिथं संसदेची एक प्रचंड इमारत अर्धी बांधून राहिली आहे, तशी आपल्याकडे कुठं नाही. शिवाय विजयाचा पहिला वाढदिवस आहे, मोठा उत्सव होणार. आणि आपलीच फौज तिथं जिंकली, आपल्याला कोण हात लावतो?

हावड्यापर्यंत रेल्वे, तिथून बनगावची सीमा, मग मोडक्या पुलांना वळसे घालत बस आणि शेवटी पद्मा नदीवरची बोट. नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ दिसेना. ढाक्यात पोचल्यावर पहिले दोन दिवस त्यांनी ती इमारत पाहिली. सिमेंटच्या उंच भिंती, त्यांत कापलेली मोठमोठी वर्तुळं आणि त्रिकोण, आणि भोवती बांबूंच्या परांच्या. युद्धात काम थांबलं होतं. वह्या भरल्या तरी देवेंद्र तिथून हलेना.

तिसऱ्या दिवशी त्यांना गावाबाहेरच्या वीटभट्ट्यांकडे नेलं. मागच्या वर्षी, पाकिस्तानी फौजेच्या शरणागतीच्या दोनच दिवस आधी, तिथं प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार यांना डोळे बांधून आणलं होतं आणि मारून खड्ड्यांत टाकलं होतं. दाखवायला आलेल्या माणसाचा मेहुणा त्यांतला होता. त्याला त्यानं मोज्यांवरून ओळखलं, कारण चेहरा उरला नव्हता. देवेंद्रनं मला नंतर सांगितलं की त्या दिवशी ज्यांनी हे केलं त्या सगळ्यांना गोळ्या घालाव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि त्यांची उर्दू बोलणारा कुणी दिसला असता तर त्यानंही दगड उचलला असता.

जुन्या ढाक्यातल्या एका गल्लीत एक दुमजली घर होतं. तोफगोळ्यानं त्याची पुढची भिंत ढासळली होती. तिथं एक म्हातारा मिस्त्री दरवाज्यावरची कमान नव्यानं बांधत होता. खाली लाकडाचा आधार न देता, पातळ विटा आणि चुना, नुसत्या हाताच्या अंदाजानं. देवेंद्र ते पाहायला रोज जाऊ लागला. घराचे मालक मोतालेब मास्तर, शाळेत गणित शिकवायचे. मोडक्या हिंदीत ते म्हणाले, याला विचारू नकोस, हा मुका आहे, ऐकूही येत नाही. देवेंद्र समोर बसून चित्र काढी. म्हातारा मधूनच वळून वहीकडे बघे आणि एखादी रेघ चुकली की थापीच्या टोकानं दाखवी.

सोळा तारखेला सगळं शहर रस्त्यावर होतं. झेंडे, ढोल, गुलाल, हवेत बंदुकांचे बार. सरांनी मुलांना मिरवणुकीत मोकळं सोडलं. देवेंद्र मात्र आधी गल्लीत गेला, कारण त्या दिवशी कमानीची शेवटची वीट बसणार होती. सुटी असूनही मिस्त्री कामावर होता. कालवलेला चुना फुकट गेला असता. थोड्या वेळानं मिरवणूक त्याच गल्लीत शिरली. पाच-सहा पोरं झेंडा बांधायला त्या घराच्या मोडक्या भिंतीवर चढली. देवेंद्र कमानीखाली उभा राहून मान वर करून सांधा बघत होता.

वरची भिंत हलली. मिस्त्रीनं ती पाहिली.

"हटो बाबू, हटो!" तो ओरडला आणि त्यानं देवेंद्रला दोन्ही हातांनी बाहेर ढकललं. जिथं देवेंद्र उभा होता तिथं पंधरा-वीस विटा आदळल्या.

भिंतीवरच्या पोरांनी ते ऐकलं. सारी गल्ली त्याला मुका समजत होती, आणि मुका बोलला तो उर्दूत. एकानं वरूनच हाक दिली, बिहारी आहे. त्या वर्षी ढाक्यात ह्या शब्दाचा अर्थ एकच होता. पाकिस्तानी फौजेला साथ देणारे उर्दू बोलणारे लोक. कोण साथ देत होता आणि कोण नव्हता, ते निवडायला कुणी थांबत नव्हतं.

दोघांनाही धरलं. देवेंद्रच्या कानशिलात दोन बसल्या. त्यानं खिशातून प्रवासाचा परवाना काढला आणि "इंडिया, इंडिया" असं ओरडत राहिला. कुणीतरी कागद वाचला. लगेच पकड सुटली. एकानं त्याला मिठी मारली, दुसऱ्यानं माफी मागितली, तिसऱ्यानं स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला. आणि हे चालू असताना चार हातांवर म्हाताऱ्याला दाढीला धरून चुन्याच्या कुंडीत पाडलं होतं.

मोतालेब मास्तर हात जोडत बाहेर आले. त्यांना ढकलून दिलं, ते पायरीवर पडले. आधी बांबू बसले. मग पडलेल्या विटाच लोकांनी उचलल्या. म्हाताऱ्यानं डोकं हातांनी झाकलं तेव्हा हातांवर मारलं, हात खाली आले तेव्हा डोक्यावर मारलं. त्याचीच थापी घेऊन एकजण त्याच्या तोंडावर घाव घालत होता, ज्या तोंडातून तो बोलला होता तिथंच. चुना लाल झाला. मिरवणुकीच्या पुढच्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. ढोल थांबला नाही.

देवेंद्र गळ्यात हार घालून उभा होता. किती वेळ, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, शंभर आकडे मोजून होतील एवढा. मग तो आत घुसला. म्हाताऱ्यावर येणारी लोखंडी सळई त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. पण तोवर खाली वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मोतालेब मास्तरांनी त्याला घरात ओढून नेलं. त्यांच्या बायकोनं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. मिस्त्रीचं नाव इलाहीबक्ष होतं, हे देवेंद्रला तेव्हा कळलं. मास्तरांनी बाकीचंही सांगितलं. मागच्या डिसेंबरात त्यांच्या धाकट्या मुलाला याच घरातून उचलून नेलं होतं. नेणाऱ्यांत शेजारच्या वस्तीतले दोन उर्दू बोलणारे होते. मुलगा परत आला नाही, प्रेतही नाही. जानेवारीत जमावानं त्या वस्तीवर जाऊन सूड घेतला. इलाहीबक्षची बायको आणि दोन मुली त्यात गेल्या. तो मागच्या नाल्यातून सरपटत मास्तरांच्या अंगणात आला. मास्तर विळा घेऊनच बाहेर आले होते, पण त्यांच्या हातून झालं नाही. मुका हो आणि जग, एवढं त्यांनी त्याला सांगितलं. अकरा महिने तो बोलला नाही. झोपेत बरळू नये म्हणून तोंडात फडकं कोंबून निजायचा.

तुम्ही त्याला का ठेवलंत, असं देवेंद्रनं विचारलं. मास्तरांनी भाताची थाळी पुढं केली.

सहलीला गालबोट नको म्हणून सरांनी सगळ्यांना सांगितलं की मुलगा परांचीवरून घसरला. देवेंद्रनंही तेच सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांनी चुकीचं जुळलेलं हाड पुन्हा मोडून बसवलं, तरी बोटं मिटेनात. रेघ ओढता येईना. कॉलेज सोडून तो कारंज्याला येऊन दुकानात बसला. गिऱ्हाइकाशी बोलेना, जेवताना ताटाकडे बघेना.

फाल्गुनात एका दुपारी राजमतीबाई गहू निवडत बसल्या होत्या. तो आईजवळ येऊन बसला आणि त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, हारासकट. पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिणाऱ्या त्या बाईनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

मग ती म्हणाली, "तू आंदी काहून नाही गेला मंदात?"

"भ्यालो व्हतो माय."

तिनं त्याला जवळ घेतलं नाही आणि रागही केला नाही. तीन दिवस तिनं अन्न घेतलं नाही, एवढंच.

ते त्र्याहत्तरचं साल. दुष्काळानं सगळीकडे तलावांची कामं निघाली होती. मानोरा गावाजवळच्या अशाच एका कामावर देवेंद्र देखरेखीला लागला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची माणसं माती वाहायची, त्यांचा मुकादम किसनसिंग. देवेंद्र डाव्या हातानं हजेरी लिहायचा आणि फावल्या वेळात डाव्याच हातानं रेघा गिरवायचा.

एका बाजारच्या दिवशी तो दोर आणायला मानोऱ्यात गेला. बाजारात एका बैलगाडीवरून ज्वारीचं पोतं चोरीला गेलं होतं आणि लोकांनी मदनसिंगला धरलं होतं. मदनसिंग तलावाच्या कामावरचाच, तांड्यावरचा, तिशीचा माणूस. त्याला गाडीच्या चाकाला बांधलं होतं. बैल हाकायच्या पराण्यांनी पाठ फोडून झाली होती. आता एकानं त्याचा पाय चाकाच्या आऱ्यावर आडवा धरला होता आणि दुसरा दगडानं गुडघा फोडत होता. मारणाऱ्यांत देवेंद्रचा चुलतभाऊ पूनमचंद होता. त्याचं मानोऱ्यात धान्याचं दुकान; पोतं त्याचंच.

देवेंद्रनं कुणाला काही म्हटलं नाही. तो गर्दीतून घुसला आणि मदनसिंगच्या अंगावर पडला. मारणारे तरीही थांबले नाहीत. देवेंद्रच्या तीन फासळ्या मोडल्या, एक कान अर्धा फाटला. पूनमचंदनं ओळखून "अरे, हा तं आमचा देवेंद्र व्हय" असं म्हणेपर्यंत हे झालं होतं. तेवढ्यात किसनसिंग तांड्यावरची माणसं-बाया घेऊन आला. दगडं सुरू झाली. दुकानांच्या फळ्या फुटल्या, एका हमालाचा डोळा गेला, त्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. पोलिसांच्या लाठ्या शेवटी सगळ्यांवर पडल्या.

अकोल्याच्या दवाखान्यात मी त्याला भेटायला गेलो. घुसताना इलाहीबक्ष आठवला का, असं विचारलं. तो म्हणाला, "नाही गड्या. काईच आठवलं नाही. त्या मदनसिंगचं तोंड दिसलं, बस."

मदनसिंग शेजारच्याच खाटेवर होता. पोतं आपणच उचललं होतं, हे त्यानं देवेंद्रला सांगून टाकलं. आभार मानले नाहीत. उलट म्हणाला, "तुमी कायले मंदात आले? तुमच्या भाऊबंदांत आता तुमचं कसं व्हईन?"

त्याचं म्हणणं खरं ठरलं. कोर्टात देवेंद्रनं साक्ष दिली आणि चार नावं घेतली, त्यांत पूनमचंदचं. साक्ष देऊ नको म्हणून हीरालालजींनी त्याच्या पायावर पगडी ठेवली होती. राजमतीबाई मात्र साक्षीच्या दिवशी सकाळी उठून त्याच्यासाठी दशम्या बांधून देत होत्या. पूनमचंदला नऊ महिन्यांची कैद झाली. नातलगांनी हीरालालजींकडे जाणं-येणं बंद केलं, दुकानावर दोनदा दगड पडले. मदनसिंगलाही चोरीसाठी दोन महिने बसावं लागलं. बाहेर आला तो लंगडत.

देवेंद्र पुन्हा नागपूरला गेला आणि शहात्तरला डाव्या हातानं काढलेल्या नकाशांवर पास झाला. परत येऊन त्यानं मानोऱ्यात एक खोली घेतली. मोतालेब मास्तरांशी त्याचा पत्रव्यवहार होता; पंचाहत्तरनंतर तिकडून पत्र येणं थांबलं, का ते कळलं नाही. लग्न त्यानं उशिरा केलं. घरं, गोठे, विहिरीची बांधणी, तांड्यावरची दोन खोल्यांची शाळा, जे काम येईल ते तो करी. गवंड्यांवर कधी आवाज चढवत नसे.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात पूनमचंद त्याच्या खोलीवर आला. सहा वर्षांत दोघं बोलले नव्हते. त्याला धान्याचं नवं गोदाम बांधायचं होतं. तो खुर्चीच्या टोकावर बसला.

मग म्हणाला, "तुह्या साक्षीनं नऊ महिने चक्की पिसली म्या."

"हो," देवेंद्र म्हणाला. "अन् तो अजून लंगडते."

पूनमचंद उठला नाही. देवेंद्रनं टेबलावर कोरा कागद पसरला, वाकड्या हातानं तो दाबून धरला आणि विचारलं की जागा किती बाय किती आहे.