बिनसाखरेच्या चहातला चमचा

डॉक्टरांनी साखर सोडायला लावून बरीच वर्षं झाली, तरी ऑफिसच्या कँटीनमध्ये मी चहात चमचा फिरवतोच. मान खाली, नजर कपात. तेवढ्यात जेवणाआधीची प्रार्थना मनातल्या मनात उरकते. बघणाऱ्याला वाटतं, माणूस चहा ढवळतोय. ही युक्ती गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

घरी तसं नाही. घरी हात जोडून, डोळे मिटून, मोठ्याने; माझे वडील नगरला करायचे तशी. ते तर चहाच्या टपरीवरही करायचे. भजी निवून जायची आणि मी शरमेने रस्त्याकडे बघत बसायचो. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर डबा उघडता उघडता मनातच प्रार्थना म्हणायला शिकलो. आजूबाजूला आपल्यातलं कुणी नाही, हे कारण तेव्हा पुरायचं. इंग्लंडला निघालो तेव्हा वडील म्हणाले, "ख्रिस्ती देशात चाललायस, बरं झालं." आणि लंडनजवळच्या स्लाऊमधल्या या कँटीनमध्ये पहिल्याच दिवशी माझा हात चमच्याकडे गेला. लपवायचं कुणापासून? शेजारचा शीख टीमलीडर बिनदिक्कत 'वाहेगुरू' म्हणतो. समोरच्या बाई 'बिस्मिल्ला' म्हणून घास घेतात. इंग्रज मंडळी फोनमध्ये. मग मी भितो कुणाला? याचं मला अजूनही नवल वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात आमची पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या वर्क एक्स्पीरियन्ससाठी आठवडाभर माझ्या ऑफिसात आली. तेव्हा चर्चमध्ये तिच्या कन्फर्मेशनचं, म्हणजे मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास जाहीर करण्याच्या विधीचं, चाललं होतं, आणि 'मी शुअर नाही' म्हणत ती ते पुढे ढकलत होती. पहिल्या दुपारी ती माझ्यासमोर बसली. माझा चमचा सुरू.

"पप्पा, शुगर तर घातलाच नाही. मग काय मिक्स करतोयस?"

"काही नाही. सवय."

"प्रे करतोयस ना? घरी एवढं लाऊड, आणि इथे स्पूननं?"

थाप तयार होती. पण कन्फर्मेशन कर म्हणून हिच्या मागे लागणारा मीच. म्हटलं, "हो गं. लाज वाटते मला. कशाची, ते माझं मलाच कळलेलं नाही."

चिडेल असं वाटलं होतं. ती हसायला लागली. "मी स्कूलमध्ये केस सोडून परत बांधते. पोनीटेल होईपर्यंत प्रेयर डन. फ्रेंड्स म्हणतात, किती वेळा बांधतेस!"

माझा चमचा कपात थांबला. आपण हिला प्रार्थना शिकवली, एवढंच मी धरून चाललो होतो. लपवणंही तिनं माझ्याकडूनच उचललं असेल का? मी तर त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"पण करतेस ना?"

"रोज. त्याचा मी शुअर आहे. सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, तेच शुअर नाही."

मी चमचा ट्रेमध्ये ठेवला. हात जोडले, डोळे मिटले. आवाज घरच्यासारखा निघाला नाही. तिला ऐकू जाईल इतपत निघाला. आमेन म्हणून डोळे उघडले तर ती मान वळवून सगळ्या टेबलांवरून नजर फिरवत होती.

"कुणी बघितलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. सगळे चिप्सच्या लाइनकडे बघतायत."

"मग उद्या तू म्हण."

"उद्या बघू," ती म्हणाली, आणि तिचा हात केसांकडे गेला.