वीस शेअर कशासाठी?

घोटीच्या एका भातगिरणीचं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो.

एक निवृत्त शिक्षिका तक्रार घेऊन आल्या. गिरणी म्हणजे छोटी कंपनी. वडिलांकडून बाईंकडे तिचे वीस शेअर आले होते. संचालकाने गिरणीमागची जागा स्वतःच्या मेव्हण्याला कवडीमोलाने विकली, म्हणून बाईंनी वकिलाची नोटीस धाडली. उत्तर आलं, ‘तुम्ही शेअर आधीच विकलेत.’ सोबत हस्तांतरणाचा अर्ज, त्यावर नोटिशीआधीच्या एका महिन्यातली तारीख आणि बाईंची सही.

“ही सही माझी नाही. त्या महिन्यात उजवा हात मोडून मी देवळाली कॅम्पला मुलीकडे होते,” बाई म्हणाल्या.

दवाखान्याचे कागद मिळाले. गुन्हा नोंदवला. दोन दिवसांनी गिरणीच्या फिटरचा फोन आला. “साहेब, साक्षीदार म्हणून आमच्या मुकादमाची सही हाय. तो लय घाबरलाय. त्यालाच आधी विचारा.”

मुकादमाला बोलावलं, चहा दिला. बाईंनी सही समोर केली का, असं विचारलं.

“व्हय. हापिसात, टेबलाशी बसून.”

“कोणत्या हाताने?”

“उजव्याच की.”

मी प्लास्टरचे कागद पुढे ठेवले. त्याने ते पाहून बाजूला सारले. मग म्हणाला, “मालकांनी नोटीस आल्यावर मागची तारीख टाकून माझी सही घेतली.”

संचालक शांत होता. “वीस शेअरसाठी मी कशाला खोटी सही करीन?” त्याचा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सरकारी वकिलांनी दिलं. शेअर गेले, हे बाईंचं स्वतःचं नुकसान. त्यासाठी त्या स्वतःच्या नावाने दाद मागू शकतात. जागा गेली, हे कंपनीचं नुकसान. त्यासाठीचा दावा कंपनीच्या वतीने लावावा लागतो आणि संचालकच दोषी असला की तो भागधारकच लावू शकतो. बाकीचे भागधारक संचालकाच्या घरचेच होते; बाईंचं भागधारकपण काढलं की जागेबद्दल विचारणारं कोणी उरत नव्हतं.

सही बाईंची नसल्याचा हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवालही आला. आम्ही दोषारोपपत्र दाखल केलं, बाईंनी दाद मागितल्यावर त्यांचं नाव भागधारकांच्या नोंदवहीत पुन्हा चढलं. मग त्यांनी गिरणीच्या वतीने दावा लावला. चार वर्षं नाशिकला तारखांना आल्या. जागा परत मिळाली, पण कंपनीच्या नावावर.

“तुमच्या हाती काय आलं?” मी एकदा विचारलं.

“माझी सही खोटी केली होती, ते निस्तरलं. जागा माझी नव्हतीच,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी हाताखालच्या अधिकाऱ्यांना सांगत आलो, की किती गेलं हे नंतर लिहा. कोणाचं गेलं, ते आधी विचारा.