चुकून घरी गेलेली कॅसेट

दोन हजार सालच्या शिमग्यात पालखी देवळात परतली आणि चौथ्या दिवशी मी गाव सोडलं. अंगणात रत्नागिरीला जाणारी जीप उभी होती आणि आई अजून माझ्या बॅगेशी भांडत होती. कुळथाचं पीठ झालं, आंबोशी झाली, आमसुलं झाली. सगळ्यात खाली, मला पत्ता लागू न देता, तिने सुकटीची पुडी सारली. इंग्लंडातल्या ब्रिस्टल नावाच्या शहरात मला नर्सची नोकरी लागली होती, पण आईच्या मते मी दुष्काळी मुलुखात चालले होते. निघण्याआधी देवळात गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, ही लेक सातासमुद्रापार चाललीय. तिच्या हाताला यश दे रे म्हाराजा!" सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. त्यात बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. शाळामास्तरांचा गळा, दुसरं काय.

शाळेव्यतिरिक्त बाबांची दुसरी ओळख म्हणजे ढोल. पालखीपुढे ढोल वाजवायचा मान आमच्या घराचा. वर्षभर तो पडवीतल्या खुंटीवर असायचा. मी दहा वर्षांची असताना एकदा बाबा शाळेत गेल्याचं बघून मी तो वाजवला होता. बाबा विसरलेला चष्मा न्यायला परत आले. ओरडले नाहीत. हातातलं ढोलाचं टिपरू काढून घेतलं आणि म्हणाले, "हा मान आहे, खेळणं नव्हे. आणि मुलींनी नाही वाजवायचा." मी पुन्हा हात लावला नाही. मात्र शिमग्यात बायकांच्या घोळक्यात ओटीचं ताट धरून उभी असताना माझी पावलं त्याच ढोलावर पडायची. त्याला कोण काय करणार?

ब्रिस्टलला माझ्या खोलीपलीकडे वेस्ली नावाचा बस ड्रायव्हर राहायचा. त्याची आई जमैका बेटावरून माझ्यासारखीच नर्स म्हणून आली होती. एका सुट्टीच्या दुपारी भिंतीतून आवाज यायला लागला. वर ताशासारखा कडकडाट आणि त्याच्याखाली, निम्म्या वेगाने, पोटात घुमणारा बेस. मी सरळ जाऊन त्याचं दार ठोठावलं. तो बिचारा आवाज कमी करायला धावला. मी म्हटलं, कमी नको करू, हे काय आहे ते सांग. त्याने सांगितलं, ड्रम अँड बेस, इथलं नाचाचं संगीत. पुढचे चार तास मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होते, आणि गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच मला घरच्यासारखं वाटलं.

मग खूळच लागलं. पहिल्या वर्षाच्या सुट्ट्या रेकॉर्डच्या दुकानात गेल्या. दोन टर्नटेबलांवर दोन तबकड्या, मध्ये मिक्सर, आणि दोन्हींचा वेग हाताने असा जुळवायचा की ऐकणाऱ्याला सांधा कळू नये. तबकडीचा वेग कमीजास्त करायला एक सरकती पट्टी असते. दुकानातली पोरं ठोके मोजताना गडबडायची. मी युनिफॉर्मवर टाचायचं नर्सचं घड्याळ काढायचे, नाडी मोजतात तसे पंधरा सेकंद मोजायचे आणि चाराने गुणायचे. त्रेचाळीस चोक एकशे बाहत्तर. तो आकडा तबकडीच्या पाकिटावर चिकटवायचे. वेस्ली मला 'सिस्टर पल्स' म्हणायला लागला आणि तेच माझं डीजेचं नाव झालं.

घरी यातलं अवाक्षर कळवलं नव्हतं. फोनवर वॉर्ड, थंडी, पगार. बाबांना सांगायचं धाडसच नव्हतं. ढोलाला हात लावू न दिलेली मुलगी परदेशात चारचौघांसमोर ठेका वाजवते, हे त्यांना कसं रुचणार? त्यांनी मला मनातून उतरवलं तर, ही धाकधूक कायम असायची.

तेव्हा फोन महाग, म्हणून दर महिन्याला मी कॅसेटवर बोलून ती घरी पाठवायचे. तुमच्यातल्या किती जणांनी हे केलंय, हात वर करा. एका महिन्यात दोन कॅसेटी पाठवायच्या होत्या. एक घरी, दुसरी वस्तीतल्या छोट्या रेडिओ केंद्राला, माझ्या मिक्सची. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही एकाच टेबलावर, आणि मी वॉर्डातून दमून आलेली. व्हायचं तेच झालं.

रेडिओवाल्याचा वेस्लीला फोन आला की, गाणं अजून सुरू झालेलं नाही, पण बाईचा आवाज फार गूढ आहे, भाषा कुठली? मी त्यात आईला सांगत होते की, सुकट भाजली तर शेजारी अग्निशमन दलाला बोलावतील.

हसता हसता माझ्या लक्षात आलं. म्हणजे मिक्स घरी!

आईच्या पत्रातून पुढचं कळलं. माझा आवाज ऐकायला तिने आळीभरच्या बायका चहाला बोलावल्या होत्या. बाबांनी बटण दाबलं आणि तासभर तो कडकडाट. त्यांना वाटलं, मशीन जोरात पळतंय. सेल बदलले, हेड पुसलं, शेवटी मशीनच उघडून बसले. शेजारची काकू म्हणाली, "काय गो, तुझ्या लेकीच्या हापिसात गिरण हाय काय?" आईने खाली लिहिलं होतं, 'हे रोज शाळेतून आले की तीच लावून बसतात.' दर पत्राखाली बाबांच्या चार ओळी असायच्या. या पत्रात नव्हत्या. पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

मग बाबांची कॅसेट आली. मी ती वेस्लीच्या स्वयंपाकघरात लावली, एकटीने ऐकायचा धीर नव्हता. आधी खाकरणं. मग म्हणाले, "बाय, तुझी कॅसेट सात वेळा ऐकली. पहिल्या तीन वेळा मशीन दुरुस्त करत होतो. चौथ्या वेळी पाय हलायला लागला. गुरवाला गाऱ्हाण्यात हाताला यश माग म्हटलं, त्याने मागितलं, पण कसल्या कामात ते सांगायचं आम्ही विसरलो. चूक आमची. आता हे ऐक, आणि जमलं तर माझ्याबरोबर ये." आणि वीस मिनिटं ढोल. मध्येच आईचा आवाज, "अहो, दूध उतू जातंय!" मला रडू आवरेना. वेस्लीला एक शब्द कळला नव्हता, तोही डोळे पुसत होता.

मी घड्याळ काढलं. बाबांचा ढोल ऐंशीला सुरू होतो आणि पालखी नाचायला लागावी तसा चढत चढत ब्याण्णववर जातो. त्याच्या दुप्पट वेग माझ्या तबकडीचा. म्हणजे त्यांच्याबरोबर राहायचं तर पट्टी तळापासून पार टोकापर्यंत सरकवत त्यांच्या मागे धावायचं. दोन महिने मी धडपडले. एका रविवारी दुपारी ते मिक्स रेडिओवर लागलं, उतू जाणाऱ्या दुधासकट.

दोन हजार चारच्या शिमग्याला घरी गेले. पालखी अंगणात नाचली, बाबांनी ढोल वाजवला, मी ओटीचं ताट धरून बायकांत उभी होते. रीत ती रीत. पालखी देवळात गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी खुंटीवरचा ढोल काढून माझ्यापुढे ठेवला. "मान देवळात गेला. आता हे नुसतं लाकूड नि कातडं. वाजव." मी वाजवला. बरोब्बर शहाऐंशी, माझ्या एकशे बाहत्तरच्या निम्मे, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. बाबा हसून म्हणाले, "तुझ्या ढोलावर पालखी नाचायची नाही. पण चालणारा दमायचाही नाही." मग विचारलं, "मी पळतो तेव्हा तुला त्रास होतो का गो?" मी म्हटलं, थोडासा.

परत आल्यावर महिन्याभरात त्यांची कॅसेट आली. ढोल शहाऐंशीला सुरू झाला आणि वीस मिनिटं शहाऐंशीवरच राहिला. मी दोनदा मोजलं. उभ्या जन्मात कधी न थांबलेला माणूस माझ्यासाठी हात आवरून वाजवत होता.

इथे लोक विचारतात, तुझं घर कुठलं? पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे, मग काही वर्षं नुसतीच गोंधळायचे. आता बाबांच्या ढोलाची कॅसेट लावते, टर्नटेबलावर तबकडी फिरवते आणि पट्टीवर बोट ठेवते. त्यांच्या त्या शहाऐंशीवरच्या कॅसेटला मी उलट टपाली एवढंच उत्तर लिहिलं होतं. 'बाबा, माझ्यासाठी थांबू नका. तुम्ही वाजवा तुमच्यासारखं. मी येते मागून.'