जिन्यात खोकणारे वॉर्डन

आमचे वॉर्डन वसतिगृहाचा जिना चढायला लागले की आधी मोठ्यानं खोकायचे. सर्दी नाही, पडसं नाही, प्रकृती ठणठणीत. तळमजल्यावर एकदा, वळणावर एकदा, आणि मग हातातली छत्री कठड्याच्या गजांवरून खडखड ओढत वर. ते पोचेपर्यंत सिगारेटी विझलेल्या असत, बाटल्या पलंगाखाली गेलेल्या असत आणि भावी इंजिनियर पुस्तकं उघडून बसलेले असत. एखाद्याचं पुस्तक उलटंही असे.

ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि मी त्यांचा साहाय्यक वॉर्डन. नाशिकहून नोकरीसाठी चेन्नईला आलो होतो, दिवसा गणित शिकवायचो. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणालो, "सर, तुम्ही असे खोकत गेलात तर कुणी सापडायचं कसं?"

"काहाला सापडायला होणा, तंबी?" ते म्हणाले. "मला त्यांच्याशी बोलायचंय. पकडलेलं पोर बोलत नाही."

तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. सर तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं, त्यामुळे शब्द जुन्या मराठीतले आणि चाल तमिळ. 'कशाला हवं'ला ते 'काहाला होणा' म्हणायचे आणि 'सगळे'ला 'अस्की'. "पोरं अस्की जेवली की?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. मुलांशी तमिळमध्ये बोलत, माझ्याशी मराठीत, आणि रागावले की गप्प बसत. गप्प बसलेले सर मुलांना अजिबात सोसायचे नाहीत.

आमचं कॉलेज शहराबाहेर, समुद्राला समांतर जाणाऱ्या रस्त्यावर. फाटकापासून थोडं चाललं की दारूचं दुकान. घरापासून पहिल्यांदाच लांब आलेली शेकडो मुलं. बाकी तुम्ही ओळखलंच असेल.

नव्या मुलांच्या स्वागताला इतर कॉलेजांत व्यसनमुक्तीवर भाषण होतं. आमचे सर मेसमध्ये सतरंजीवर सरळ उताणे पडायचे. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळावर गंध, डोळे मिटलेले. "मी तुमचा मित्र आहे," ते पडल्यापडल्या सांगत. "भरपूर प्यायलोय. हाक मारली तर उठत नाही. आता काय कराल?"

कुणी म्हणे तोंडावर पाणी मारू, कुणी म्हणे कॉफी पाजू. एकजण म्हणाला, झोपू द्यावं, सकाळी उतरेल. सर एक डोळा उघडत. "कॉफी पाजलीत तर ती छातीत जाईल. उताणा झोपू दिलात आणि मी ओकलो, तर गुदमरून मरेन. कुशीवर वळवा मला. आणि मदतीला कुणाला तरी हाक मारा." मग दोन लाजरी मुलं पुढे येऊन रसायनशास्त्राच्या ज्येष्ठ प्राध्यापकांना कुशीवर वळवत. मेसमध्ये हशा पिकायचा. सर मात्र हसत नसत. ते बेशुद्ध असत.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा. वर्गातले किती जण पितात असं वाटतं, ते लिहा. आणि तुम्ही पिता का, तेही लिहा. नाव घालायचं नाही. प्रत्येकाला वाटायचं, आपण सोडून सगळेच पितात. चिठ्ठ्या उघडल्या की न पिणारेच जास्त निघायचे. मागच्या बाकावर जे सुटकेचे सुस्कारे ऐकू यायचे, ते मी दरवर्षी ऐकले.

त्यांच्या गुडघ्याची गोष्ट सांगायलाच हवी. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा गांजात पार बुडाला होता. वर्गात येईना, जेवेना. सरांनी त्याला बोलावलं आणि म्हणाले, "माझा गुडघा फार दुखतो. शहरात, मैलापूरला डॉक्टरकडे जायचंय. बसमध्ये चढताना कुणीतरी धरायला हवं." दर आठवड्याला दोघं जायचे. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत फाटकाबाहेर पडत. एका रविवारी मी सरांना बॅडमिंटन खेळताना पाहिलं. चांगली उडी मारून त्यांनी फूल परतवलं.

"सर, गुडघा?" मी विचारलं.

"ते डॉक्टर गुडघ्याचे नाहीत, तंबी," ते शांतपणे म्हणाले. "व्यसन सोडवणारे आहेत. पहिल्या दोन खेपांना पोरगं बाहेर बाकावर बसलं. तिसऱ्या खेपेला म्हणालं, तुमचं होईपर्यंत मी पण दाखवून घेतो."

तो मुलगा वर्षभर उशिरा का होईना, पास झाला.

एकदा मात्र त्यांच्यात आणि प्राचार्यांत जुंपली. सरांना नवा नियम हवा होता: दारू किंवा नशा चढून कुणाची तब्येत बिघडली आणि मित्रांनी मदत मागितली, तर आजाऱ्याला शिक्षा नाही आणि मित्रांनाही नाही.

"म्हणजे प्यायला परवानगीच की," प्राचार्य म्हणाले.

"पिण्याला शिक्षा आहे ती राहू दे, सर. मदत मागण्याला नको."

त्या संध्याकाळी कॉफी पिताना त्यांनी मला कारण सांगितलं. तरुणपणी ते दुसऱ्या एका वसतिगृहावर होते. एका मुलाला दारू चढली. मित्र घाबरले, आपलीही नावं जातील म्हणून त्याला खोलीत ठेवून निघून गेले. सकाळी सरांनीच दार उघडलं. "कडी बाहेरून होती," ते म्हणाले. मग पेला ठेवून मुलं जेवली का ते बघायला गेले.

प्राचार्यांनी अखेर वर्षभरासाठी नियम मान्य केला.

त्याच वर्षी परीक्षा संपली त्या दुपारी सरांचा मोबाइल वाजला. आमची चार मुलं चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत प्यायला बसली होती. एकजण पडला होता.

"सर, हा उठत नाही."

"श्वास चालू आहे? कुशीवर वळवलंत?"

"हो सर. ओकला. पण कुशीवरच आहे."

"धरून बसा. आलोच."

कॉलेजच्या गाडीतून आम्ही गेलो. एक कोळीण साडीच्या पदरानं त्याला वारा घालत आणि बाकीच्या तिघांना अखंड शिव्या देत बसली होती. तिघं त्याला घट्ट धरून होते. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, उताणा पडला असता तर वाचला नसता. फोन करणाऱ्या मुलाला आधीच एकदा ताकीद मिळाली होती. पुन्हा सापडला असता तर कॉलेजातून नावच कमी झालं असतं. इस्पितळाच्या पायरीवर तो मला म्हणाला, "आधी आम्ही पळूनच जाणार होतो, सर."

बातमी व्यवस्थापनापर्यंत गेली. त्या तिघांची नावं द्या, असा निरोप आला. सर प्राचार्यांसमोर बसले आणि गप्प राहिले. त्यांचं ते गप्प राहणं प्राचार्यांनाही सोसेना.

तेवढ्यात मुलाचे वडील तिरुनेलवेलीहून आले. शाळामास्तर होते. तेही म्हणाले, "मला त्या मुलांची नावं हवीत."

"कशासाठी?" सरांनी विचारलं.

"घरी जेवायला बोलवायचंय. त्याच्या आईनं सांगितलंय."

प्राचार्यांनी पाण्याचा पेला वडिलांपुढे सरकवला. नावांचा विषय पुन्हा निघाला नाही. नियम कायम झाला. सरांना मात्र वर्षअखेरीला वयाचं कारण देऊन वॉर्डनपदावरून मोकळं केलं. त्यांनी वाद घातला नाही. नियम राहिला ना, एवढंच विचारलं.

वसतिगृहाजवळचं घर सोडून ते मैलापूरला मुलीकडे निघाले, त्या दिवशी मुलांनी सामान टेंपोत चढवलं. फाटकाशी दोन्ही बाजूंना रांगा केल्या, कुणी हार आणला, तमिळमधलं निरोपाचं भाषण पाठ करून एकजण तयार उभा राहिला. टेंपो हळूहळू आला. सर ड्रायव्हरशेजारी बसले होते. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. इतकी वर्षं रात्री फोन उशाशी ठेवून एक कान जागा ठेवणारा हा माणूस भर दुपारी गाढ झोपला होता.

भाषणवाल्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता गाडी वळवली आणि कुणीही हाक मारली नाही.