माझ्या मायनं लुगडं घेतलं नव्हतं

चहाचा ट्रे माझ्या हातात होता, तेव्हा समोरच्या पडद्यावर माझं नाव आलं.

अकोल्यातलं कॉलेज. सेमिनार हॉल. ‘लेखकांसाठी वेबसाइट’ अशी एक दिवसाची कार्यशाळा. मी याच कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई आहे, कंत्राटी. पण त्या दिवशी मी रजा टाकली होती. चार लोकांसारखा फॉर्म भरला होता, त्यात माझ्या वेबसाइटचा पत्ताही दिला होता. ठेवणीतली साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसले होते, मांडीवर वही. मधल्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, “बाई, जरा चहाचं पाहता का?” आणि मी उठले. सवयीनं उठले. आज मी रजेवर आहे, हे सांगायला तोंड उघडलंच नाही. त्याचा राग मला अजून येतो. त्या माणसाचा कमी, माझा जास्त.

कार्यशाळा घेणारे आमचेच सर. मराठीचे विभागप्रमुख. आजोबा नामांकित वकील, वडील प्राध्यापक, हॉलच्या दारावर आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी. सुट्टी संपली नव्हती, लोक चहा पीत होते. सर म्हणाले, “चहा घेता घेता एक गंमत पाहू. वेबसाइट कशी नसावी, याचं एक गोड उदाहरण.”

गोड. हाच शब्द.

मग लग्न लावणाऱ्या गुरुजींसारखा सूर काढून ते माझं पान वाचायला लागले. “सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह वाचावयास यावे! आपल्या विनीत...” खाली आठ बायकांची नावं. तीही त्यांनी त्याच सुरात वाचली. हॉल हसायला लागला. “आणि थांबा, किलबिल पण आहे! ‘आमच्या आत्याच्या गोष्टी वाचाले यायचं हं!’” आता लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. “अहो, ही वेबसाइट आहे की लग्नपत्रिका? जेवणाची वेळ कुठं दिलीय?”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“या लेखिका आपल्यातच आहेत बरं का. बाई, या समोर. आधी तो ट्रे ठेवा.”

मी ट्रे ठेवला. समोर गेले. आणि हसले. सगळ्यांबरोबर मीही हसले. दात काढून.

ती वेबसाइट मी कशी केली होती, ते सांगते. माझा एक कथासंग्रह निघाला. निघाला म्हणजे गठ्ठे होऊन पलंगाखाली गेला. दुकानवाले ठेवून घेईनात. एका अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तुमची वेबसाइट करा, लोक तिथं वाचतील. मला मोबाइलवर निरोप टाइप करता येत होता, तेवढंच माझं तंत्रज्ञान. जेवणाच्या सुट्टीत, ग्रंथालयाच्या शेवटच्या कपाटाआड बसून, फुकट मिळणारा एक तयार साचा मी उघडला. तो विचारायचा, ‘तुमची ओळख’, ‘मुख्य मजकूर’, ‘संपर्क’. लेखकाची वेबसाइट मी जन्मात पाहिली नव्हती. आपलं नाव चार लोकांसमोर कसं मांडायचं? मला एकच रीत ठाऊक होती. आमच्याकडे नाव छापून येतं ते लग्नपत्रिकेत. मग मी तसंच केलं. वर माय-बाबांचे फोटो. खाली आग्रहाचं निमंत्रण. मग विनीत. मग भावाच्या दोन लेकरांची किलबिल, मग पुस्तकातल्या गोष्टी. ‘संपर्क’मध्ये दर्यापूरच्या स्टँडवरून आमच्या गावाला कसं यायचं, कुठं उतरायचं, सगळं लिहिलं. मला वाटलं, लोक येतील तर वाट पाहिजे.

हसा. आता मलाही हसू येतं. पण त्या आठ नावांना हसू नका.

माझ्या पुस्तकातली मोठी गोष्ट त्या आठजणींची आहे. त्यातली एक माझी माय. ज्या मालकाच्या वावरात त्या कापूस वेचायच्या, त्याच्या घरी लग्न होतं. चार दिवस या आठजणींनी भांडी घासली. पत्रिका त्यांच्या घरी आली नव्हती. शेवटच्या दिवशी सगळ्या पंगती उठल्यावर त्यांना मागच्या अंगणात बसवलं. वाढायला बुंदी आली. मायच्या पानातल्या बुंदीला चटणी लागलेली होती, आणि एका बुंदीच्या लाडवाला दातांची खूण. लोकांच्या पानातलं गोळा करून आणलेलं होतं ते. मी तिच्या शेजारी बसले होते, सात-आठ वर्षांची. माझा हात बुंदीकडे गेला होता. मायनं तो धरला.

“उष्टं आमी खात नसतो,” ती मोठ्यानं म्हणाली आणि उठली. मागून सातहीजणी उठल्या.

दुसऱ्या दिवशी मालकानं मायला एकटीला नवं लुगडं पाठवलं. ही गप्प झाली की बाकीच्या होतील, असा हिशेब. मायनं ते तसंच घडीचं नेलं आणि भर सकाळी, लोक बसले असताना, त्याच्या ओट्यावर ठेवून आली. तो पूर्ण हंगाम आठजणींपैकी एकीलाही त्या वावरात काम मिळालं नाही. आम्ही त्या वर्षी काय खाल्लं, ते मी लिहिलेलं नाही. पण ती उठली, हे लिहिलं. पत्रिकेत नाव येणं म्हणजे काय, ते ज्यांचं कधी येत नाही त्यांना विचारा. म्हणून मी त्यांना ‘विनीत’ केलं होतं.

हॉलमधलं हसणं थांबल्यावर सर एकदम मायाळू झाले. “काळजी करू नका. आम्ही तुमची वेबसाइट नीट करून देऊ. माझ्या पुतण्याची पुण्यात कंपनी आहे. आणि बाई, आडनाव कशाला लावता? नुसतं नाव किती छान वाटतं. लेखिकेला जात नसते.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या प्रत्येक पुस्तकावर त्यांचं आडनाव आहे. मला तेव्हा हे सुचलं नाही. मी वहीचं पान फाडलं, त्यावर पासवर्ड लिहिला आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला.

महिनाभरात माझ्या जुन्या पानाच्या जागी नवी वेबसाइट झाली. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. हिरवागार रंग, डोक्यावर घडा घेतलेल्या कुठल्याशा बाईचा फोटो, आणि माझं नाव, आडनाव नसलेलं. ओळखीत लिहिलं होतं, ‘सरांच्या परिसस्पर्शाने उजळलेली एक रानफुलासारखी प्रतिभा.’ ग्रंथालयातले लोक अभिनंदन करायला लागले. मी स्वतःचं नाव दिवसातून दहादा उघडून पाहिलं. गोष्टी मात्र उघडल्या नाहीत. माझ्याच तर होत्या, त्यात काय पाहायचं?

दिवाळीला गावी गेले. दुपारी माय ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, “माय, ऐक, तुही गोष्ट मोबाइलवर आली.” आणि मोठ्यानं वाचायला लागले. भाषा सोवळी झाली होती, आठजणींची नावं जाऊन ‘मजूर स्त्रिया’ झाल्या होत्या. तरी मी वाचत राहिले, कारण माय ऐकत होती. मग शेवट आला. मालकाला पश्चात्ताप होतो. तो लुगडं पाठवतो. माय ते छातीशी धरते. तिच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहतात. दोन मनं जुळतात.

मायचा हात सुपातच थांबला.

“हे कोनाची गोष्ट आहे वं?”

“तुहीच.”

“माही नाही. म्या लुगडं कवा घेतलं?”

“सरनं लिहिलं तसं, माय.”

“अन् तुनं लिहू देल्लं?”

कार्यशाळेत पूर्ण हॉल हसला, तेव्हा जी शरम वाटली नव्हती ती तूर निवडणाऱ्या एका बाईसमोर वाटली. चटणी लागलेली बुंदी मी तिला पुन्हा वाढली होती. माझ्या हातानं.

“पुसून टाक,” माय म्हणाली.

मी पुसायला गेले. मोबाइलनं पासवर्ड मागितला. माझा टाकला. चुकीचा आहे म्हणाला. पुन्हा टाकला, तरी चुकीचा. माझ्या नावाच्या घराला दुसऱ्याचं कुलूप होतं.

सुट्टी संपल्याच्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. पाणी घेऊन गेले नाही. पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी गेले.

“सर, पासवर्ड पाह्यजे. गोष्टीचा शेवट बदलाचा आहे.”

“शेवट मीच जरा सकारात्मक केला. किती दिवस तोच तोच विद्रोह? वाचकाला थोडा दिलासा लागतो. मालकही माणूसच आहे ना?”

“माह्या मायनं लुगडं घेतलं नाही, सर.”

“अगं, कथा आहे ती. कथेत असं चालतं.”

“मंग तुमच्या नावानं लिहा. माह्या नावानं कावून?”

त्यांनी चष्मा काढला. मंचावर मला ‘तुम्ही’ म्हणणारे सर केबिनमध्ये कधीच ‘तू’वर आले होते. “तुला काय कळतं त्यातलं? पासवर्ड दिला तर दोन दिवसांत वाट लावशील. आणि वेबसाइटचं ते नाव, ती जागा, सगळं पुतण्यानं रीतसर नोंदवलंय. इतकं केलं तुझ्यासाठी, त्याचं हे?” मग थोडं थांबून, अगदी सहज, “कंत्राट कधी संपतं तुझं?”

नेमणुकीच्या समितीवर सर आहेत. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. कॉलेजला लागून नऊ वर्षं झाली होती. दर वर्षी सही व्हायची.

“मार्चले,” मी म्हटलं. “पासवर्ड ठेवा तुमच्यापाशी. मी दुसरी करतो.”

ते हसले. “परत लग्नपत्रिका?”

“हो. पत्रिकाच.”

या वेळी मी हसले नाही.

आता करणं सोपं नव्हतं. तीच जेवणाची सुट्टी, तोच मोबाइल. पान बनवायचं, जपून ठेवायचं विसरायचं, पुन्हा बनवायचं. एकदा सगळी मराठी अक्षरं चौकोन होऊन बसली, मी दोन दिवस जेवले नाही धड. बोलून टाइप करायला गेले तर मोबाइलला वऱ्हाडी समजेना. मी ‘मले’ म्हणायची, तो भलतंच लिहायचा. शेवटी लिहिणं सोडलं आणि मायचा आवाजच भरला. ती एका दमात बोलली, मागं पिठाची चक्की चालू होती, तीही आली. राहू दिली. आठजणींतल्या तिघी वारल्या. दोघी अमरावतीत लेकांकडे असतात. दर रविवारी मी बसनं जाते आणि एकेकीचा आवाज आणते. वेबसाइटच्या पत्त्यात माझं पूर्ण नाव आहे. आडनावासकट. वर माय-बाबांचे फोटो, खाली आठही विनीत.

लोकांपर्यंत कसं पोचवायचं, तेही धडपडत शिकते आहे. मोबाइलनं उघडायचा तो चौकटीचा ठोकळा, क्यूआर कोड म्हणतात तो, कागदावर छापून पिठाच्या चक्कीवर, शिवणाऱ्या बाईच्या दुकानात, बसस्टँडच्या खांबावर चिकटवते. स्टँडवरचा रोज कुणीतरी फाडतं. मी रोज लावते. भिशीच्या ग्रुपवर टाकलं तर दोघी ग्रुप सोडून गेल्या. एकीनं उलट लिहिलं, “मीबी उठली होती एकदा पंगतीतून.” तिला मी फोन केला. तिचाही आवाज आता तिथं आहे.

पण माझं नाव टाकून कुणी शोधलं की सगळ्यात आधी सरांनी केलेली वेबसाइट येते. मोठमोठ्या लोकांनी तिचे दाखले दिले आहेत, म्हणून ती वर. माझी तिसऱ्या पानावर. तिसऱ्या पानापर्यंत कोण जातं?

परवा एका विद्यार्थिनीचा फोन आला. प्रबंध लिहिते आहे. “मॅडम, लुगड्याचा प्रसंग फार हृद्य आहे. घेऊ ना?”

मी म्हटलं, “ते खोटं आहे बाई. माह्या मायनं लुगडं घेतलं नाही. पुस्तकात पाह्य.”

“पण मॅडम, साइटवर ‘लेखिकेने स्वतः सुधारलेला पाठ’ असं लिहिलंय.”

पलंगाखालून एक प्रत काढली आणि त्याच दिवशी तिला पाठवली. सरांना लेखी पत्र दिलं, ती वेबसाइट बंद करा. पोच घेतली. उत्तर नाही. मार्च जवळ येतो आहे आणि समितीची बैठक ठरली आहे, असं ऑफिसातले लोक मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात बोलतात. सही होईल की नाही, मला माहीत नाही. भीती वाटते. वाटू दे.

मी जमेल तसा एकेक आवाज चढवते, रोज एका माणसाला तिसऱ्या पानापर्यंत नेते. माझं नाव शोधलं की सगळ्यात वर एक बाई बसलेली दिसते, लुगडं छातीशी धरून रडणारी. ती माझी माय नाही. तिला तिथून खाली ओढल्याशिवाय मी थांबणार नाही.