हिरव्या पडद्यामागच्या साळवे मॅडम

साळवे मॅडमांवर लिहा, असं मला महाविद्यालयाच्या स्मरणिकेच्या वेळी सांगितलं होतं. वेळ नाही म्हणून मी ते टाळलं. त्यांच्या शोकसभेत बोलायला उभं केलं, तेव्हा घसा बसल्याचं सांगून दोन वाक्यांत खाली बसलो. त्यानंतरही कुणी त्यांचं नाव काढलं की मी पावसापाण्याचं बोलायला लागायचो. अशी खूप वर्षं गेली. ज्यांची मला भीती होती ती माणसंही आता राहिली नाहीत. म्हणजे सबब संपली.

नेवासा तालुक्यातल्या आमच्या महाविद्यालयात त्या १९९० च्या जूनमध्ये मानसशास्त्र शिकवायला आल्या. मूळच्या नगरच्या. उंच, सावळ्या, खांद्याला कापडी पिशवी. मी इतिहास शिकवायचो आणि उपप्राचार्यही होतो. पहिल्याच आठवड्यात नामदेव शिपाई स्टाफरूममध्ये येऊन म्हणाला, "मॅडम, तुमची नगरची गाडी गेली."

"पाहिली की कळलं?" त्यांनी विचारलं.

नामदेव गोंधळला. "धुरळा पाहिला, मॅडम."

"मग धुरळा गेला म्हणा." असं म्हणून त्या स्टँडकडे चालू लागल्या, आणि त्यांना गाडी मिळाली. ती उशिरा आली होती. धुरळा कुठल्याशा टेम्पोचा होता. तेव्हापासून नामदेव कुठलीही बातमी आणली की आधीच सांगून टाकायचा, "मॅडम, ही नुसती कळलेली हाय."

हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारत. प्राचार्यांनाही. काहींना तो उद्धटपणा वाटे. मला सुरुवातीला मौज वाटायची.

ग्रंथालयामागच्या सायकली ठेवायच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. साधनं बेताचीच: एक स्टॉपवॉच, आरशात पाहून चांदणी गिरवायची चौकट, आणि गावातल्या सुताराकडून करून घेतलेला हिरवा लाकडी पडदा. टेबलाच्या मधोमध तो उभा करायचा. एका बाजूला प्रयोग घेणारा, दुसऱ्या बाजूला देणारा. खाली फक्त हात जाईल एवढी फट. पडदा कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "समोरच्याचा चेहरा दिसला की माणूस त्या चेहऱ्याला हवं ते सांगतो, सर. भाबडेपणानं सांगतो, पण सांगतो."

ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला पुस्तकात 'प्रयुक्त' म्हणतात. मॅडम मुलांना सांगत, "प्रयुक्त म्हणजे आपला पाहुणा. आपण बोलावलंय त्याला. तो पडद्यामागे जे बोलेल ते त्याच्या नावानिशी बाहेर जाणार नाही. आणि उठायच्या आधी त्याला सगळं खरं सांगायचं, काय केलं, कशासाठी केलं. खरं न सांगता उठवलं तर तो प्रयोग नव्हे, ती फसवणूक." एकदा एका मुलानं मित्राला खरं न सांगताच जाऊ दिलं, तर त्याला त्यांनी भर उन्हात वसतिगृहापर्यंत पिटाळलं. तो परत येईपर्यंत स्वतः व्हरांड्यात उभ्या राहिल्या.

पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला होता तो साक्षीचा. एखादी घटना पाहिलेली माणसं एकमेकांशी बोलली की त्यांची आठवण कशी बदलत जाते, हे त्यांना मोजायचं होतं. शेजारच्या गावात बाजारात उसाची ट्रॉली उलटली, तेव्हा त्या मुलांना घेऊन तिकडे गेल्या. एका म्हातारीनं ड्रायव्हर प्यायलेला होता असं ठासून सांगितलं. आजी, तुम्ही पाहिलं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "म्या कुठं पाहिलं, बाई? म्या घरात दाळ निवडीत बसल्ते. पन समद्या गावानं पाहिलं म्हनल्यावर म्या येकटीनं न्हाई कशाला म्हनायचं?"

हे त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आम्ही खूप हसलो. त्या हसल्या नाहीत. "या एका वाक्यावर माझा अख्खा प्रबंध उभा आहे," म्हणाल्या.

१९९४ चं स्नेहसंमेलन. बक्षीस समारंभ लांबला होता, दिवस कलायला आला होता. व्यासपीठावर संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी मी. बक्षिसांची नावं वाचून संपत आली होती. तेवढ्यात अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि बोटांतून रक्त आलं. दगड होता. भुवईच्या वर लागला. मंडपात एकच पळापळ झाली, खुर्च्या पडल्या, मुली रडायला लागल्या. अध्यक्षांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

तेव्हा मॅडमांनी जे केलं, त्याला पुढे लोक निष्ठुरपणा म्हणाले. त्यांनी प्राचार्यांना गाठलं आणि म्हणाल्या, लोक आपसात बोलायच्या आत मला एकेकाला विचारू द्या. प्राचार्य इतके घाबरलेले होते की हो म्हणाले. व्यासपीठावरचे आणि पुढच्या रांगेतले लोक एकेक करून प्रयोगशाळेत गेले. मीही गेलो.

पडद्यापलीकडून आवाज आला, "सर, काय पाहिलं तेवढंच सांगा. कळलेलं नको."

मी म्हणालो, "मी खाली, नावांच्या कागदाकडे पाहत होतो. दगड दिसला नाही. मारणारा दिसला नाही. रक्त दिसलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे पडद्याबाहेर जाणार नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयात पोचलो, तोवर दगड मारणारा सगळ्यांना दिसलेला होता. सुनील. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, वसतिगृहात राहणारा. आदल्याच आठवड्यात वसतिगृहाच्या पाण्यावरून त्यानं अध्यक्षांना सगळ्यांसमोर अडवलं होतं. "साहेब, तुमच्या बागेला रोज पानी हाय, आमाला दोन दिसांनी," असं त्याचं बोलणं. ते सगळ्यांनी खरोखरच ऐकलेलं होतं. उरलेलं आपोआप त्याला चिकटलं. सुनील बौद्ध वस्तीतला, साळवे मॅडमही बौद्ध. त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून आमच्या भागात हवा तापलेलीच होती. कुजबुज कुठल्या दिशेला जाणार हे सांगायला मानसशास्त्र नको होतं.

चौकशी समिती नेमली. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी संस्थेचे सचिव, म्हणजे अध्यक्षांचे धाकटे भाऊ, माझ्या घरी आले. मला खोटं बोला असं ते म्हणाले नाहीत, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. ते खुर्चीत बसले, मुलांची चौकशी केली. प्राचार्य जूनमध्ये निवृत्त होतायत, जबाबदारी घरातल्याच माणसानं घ्यावी असं दादांच्या मनात आहे, म्हणाले. मग कपबशी हातात घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही दादांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. तुम्हाला दिसलं नाही, हे लोकांना पटायचं कसं?"

माझी बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दिसलं ना."

पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःची समजूत घालत असे, की मॅडम म्हणतात तसं माझ्याही आठवणीचं झालं असेल. चार लोकांचं ऐकून मला खरंच दिसल्यासारखं वाटलं असेल. त्यांच्याच संशोधनाच्या आड मी लपत होतो. पण तसं झालं नव्हतं. म्हातारीला आपण पाहिलं नाही हे माहीत होतं, तसं मलाही माहीत होतं.

बैठक प्राचार्यांच्या खोलीत झाली. सुनील भिंतीला लागून उभा. मंडपामागं पाण्याचे हंडे भरत होतो, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. हंडे भरताना त्याला पाहणारी मुलं वसतिगृहातलीच होती, त्यामुळे त्यांची साक्ष धरली नाही. मग मॅडमांना बोलावलं. त्या उभ्यानंच बोलल्या. "त्या संध्याकाळी मी विचारलेल्या एकानंही मारणाऱ्याला पाहिलेलं नव्हतं. आज पाहिलं म्हणणारे पुष्कळ आहेत. मधल्या चार दिवसांत त्यांना ते दिसलेलं आहे."

"एकानंही म्हणजे कोणाकोणानं? नावं सांगा," सचिव म्हणाले.

"नावं सांगता येणार नाहीत. मी प्रत्येकाला शब्द दिलाय."

"अहो, पोराचं वर्ष चाललंय, आणि तुम्ही शब्द घेऊन बसलात? बरं, सगळे राहू द्या. आमच्या सरांनी काय सांगितलं होतं?"

मॅडमांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर सुनील वाचला असता आणि मी उघडा पडलो असतो. सुनीलही त्यांच्याकडेच पाहत होता. त्यांची बोटं पिशवीच्या बंदावर आवळलेली मला अजून दिसतात. ती मात्र मी पाहिलेली आहेत.

"ते सर स्वतः सांगतील," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "मी सुनीलला हात उचलताना पाहिलं."

सचिव खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, आपल्या माणसाची कड घ्यावीशी वाटते, समजू शकतो. पण त्याला संशोधन म्हणू नका."

मॅडम वळल्या. दाराकडे जाताना त्या सुनीलजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "चल. तुला जेवायचं असेल." आणि त्याला घेऊन गेल्या.

सुनीलचं नाव काढून टाकलं. मॅडमांची बदली संस्थेच्या श्रीगोंद्याकडच्या शाखेत झाली. तिथं प्रयोगशाळा नव्हती. मानसशास्त्र अकरावी-बारावीला नावापुरतं. जायच्या दिवशी नामदेवनं त्यांची ट्रंक गाडीच्या टपावर चढवली. मी खिडकीतून पाहत होतो. खाली गेलो नाही. जूनमध्ये मी प्राचार्य झालो. प्रयोगशाळेत जुनी बाकं टाकली. पडद्याचं काय करायचं, असं नामदेवनं विचारलं, तर मी म्हणालो, राहू दे तिथंच. तो नंतर मला हळूच म्हणाला, "सर, त्यो दगड कुनी मारला, कळलं का वो कधी?" मी म्हणालो, नाही. ते मात्र खरं होतं. आजही कुणाला माहीत नाही.

मॅडमांनी सुनीलला नगरहून बाहेरून परीक्षेला बसवलं. त्याची दोन वर्षं गेली, पण तो शिकला, आणि कुठे तरी शिक्षक झाला असं कळलं. पाहिलेलं नाही. त्याच्यासमोर जायची माझी छाती झाली नाही.

१९९९ मध्ये मॅडम आजारी असल्याचं ऐकलं. नोकरी सोडून त्या सावेडीत बहिणीकडे राहत होत्या. मी गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. त्यांनीच दार उघडलं. खूप वाळल्या होत्या.

"तब्येत बरी नाही असं कळलं," मी म्हणालो.

"कळलं ना? मग आता पाहा," म्हणून त्या हसल्या.

बहीण बाहेर गेली होती. मॅडम बोलत राहिल्या. नामदेवची, मुलांची चौकशी केली. प्रबंध पुरा झाला का, असं मी विचारलं. झाला म्हणाल्या, मागच्याच वर्षी. "ती संमेलनाची संध्याकाळ मात्र काढून टाकली. सगळ्यांत चांगली सामग्री ती होती. माणसं बोलायच्या आत विचारायला पुन्हा कधी मिळालं नाही. पण लिहिली असती तर वाचणाऱ्याला माणसं ओळखू आली असती." हे त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. गाळावं लागलं, गाळलं, असं म्हणाल्या.

मग चहा ठेवायला आत गेल्या. स्वयंपाकघराच्या दाराला फुलाफुलांचा कापडी पडदा होता. तो त्यांच्यामागे पडला. भांड्याचा आवाज झाला, गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि मग सगळं शांत झालं. तेवढ्यात आतून त्या म्हणाल्या, "सर, मला इथून तुमचा चेहरा दिसत नाही. काही सांगायचं असेल तर सांगा."

रस्ताभर जुळवलेलं वाक्य मी तोंडाशी आणलं. आत चहा उकळायला लागला, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. त्या कप मांडत नव्हत्या, हलत नव्हत्या. थांबल्या होत्या.

मी म्हणालो, "साखर जरा कमी घाला."

आत कप मांडल्याचा आवाज झाला. मग त्यांनी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

चहा चांगला झाला होता. त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं, ऊन लागेल म्हणून डोक्यावर रुमाल घ्यायला सांगितलं. ती आमची शेवटची भेट. चार-पाच महिन्यांनी त्या गेल्या.

त्या दिवशी त्यांच्याकडून निघाल्यावर कोपऱ्यावर मला रिक्षा मिळाली. सावेडीचा रस्ता मागे पडला तसं ते वाक्य सगळंच्या सगळं तोंडून बाहेर आलं, मोठ्यानं. "मॅडम, मला काही दिसलं नव्हतं. तो हात मी पाहिला नाही. मला माफ करा."

रिक्षावाल्यानं मान वळवली. "काय म्हनलात, काका?"

मी म्हणालो, "स्टँडवर घ्या."